फक्त चेहरे काढता? मग आधी कूलर काढा

दर दोन-तीन आठवड्यांनी कुणी ना कुणी वही घेऊन येतं आणि गाऱ्हाणं तेच, "दोन वर्षं झाली, रोज चेहरे काढून राहिलो, पण पुढे सरकतच नाहीये." वही उघडली की चाळीस चेहरे, सगळे डावीकडे बघणारे, सगळे खांद्यापाशी संपलेले, हात एक तर केसांमागे नाहीतर पानाच्या बाहेर. चेहरे वाईट नसतात बरं का. पण तो एकच चेहरा असतो, चाळीस वेळा काढलेला.

आवडता विषय पाठ होऊन जातो. मग हात आठवणीतून चालतो आणि डोळा झोपा काढतो. हे सांगितलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात, सोमवारी गुलाब, मंगळवारी वाघ, बुधवारी फुटाळा तलावावरचा सूर्यास्त तोही कलरमध्ये, आणि शुक्रवारी पुन्हा चेहरा कारण बाकी काहीच जमलं नाही. विषय बदलले पण चुका त्याच राहिल्या. नवा विषय असा घ्यायचा की तुमचा आवडता विषय जी चूक लपवून राहिला ती उघडी पडली पाहिजे, आणि तेही क्रमानं. खालचा क्रम साधारण आठ आठवड्यांचा आहे, रोज ४० मिनिटं. चेहऱ्याऐवजी तुम्ही फक्त गाड्या, फक्त देव किंवा फक्त ॲनिमे काढत असाल तरी क्रम हाच.

माझं स्वतःचं सांगतो. मी पण चेहरेवालाच होतो. एकदा मामी म्हणाली आजोबांना काढ, चहा पिताना. चेहरा मस्त आला, घरभर कौतुक झालं, पण हातातला ग्लास हवेत तरंगत होता आणि बोटं म्हणजे पाच भेंड्या. आजोबांनीच विचारलं, "चहा सांडत नाही का रे याच्यातून?"

० : तयारी

सामान कमी घ्या. दोन वह्या, एक स्वस्तातली कोऱ्या पानांची (शाळेची ड्रॉइंग वही चालते) आणि एक जरा जाड कागदाची. पेन्सिल एचबी, २बी आणि ६बी. एक साधा लाल बॉलपेन, तो फार महत्त्वाचा आहे, पुढे कळेल. फूटपट्टी फक्त तपासायला. खोडरबर पहिले तीन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा, सिरियसली, कारण हातात असला की माणूस रेघ काढायच्या आधीच खोडायच्या तयारीत बसतो आणि ४० मिनिटांतली २५ तिथेच जातात.

स्वस्त वही चुका करायला, जाड वही शनिवारसाठी. उलट करू नका. जाड वहीत रोज काढायला लागलात की प्रत्येक पान "चांगलं आलं पाहिजे" होतं आणि मग हात आपोआप जे येतं तेच काढतो, म्हणजे पुन्हा चेहरा.

नागपूरवाल्यांसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. एप्रिल-मेमध्ये घाम कागदावर उतरतो आणि ६बी पसरते, म्हणून हाताखाली एक रफ कागद ठेवत जा. आणि कूलरच्या थेट हवेत वही उघडी ठेवू नका, दमट हवेनं कागद मऊ पडतो, लाटा येतात. बाहेर बसायचं असेल तर सकाळी सहा ते आठ. दुपारी पंचेचाळीस डिग्रीत स्केचिंग करायला जाणारा भैताड मीच होतो एका वर्षी, चक्कर आली, स्केच काही आलं नाही.

थांबा: फोनमधले फोटो आठ आठवडे बंद. सगळ्यात जास्त चुका इथूनच येतात. सेल्फी हातभर अंतरावरून काढलेली असते त्यामुळे नाक मोठं आणि कान मागे पळालेले दिसतात, आणि आपण तेच "खरं प्रमाण" म्हणून शिकतो. शिवाय फोटोत सगळं आधीच चपटं झालेलं असतं, त्रिमितीची वस्तू कागदावर चपटी कशी करायची हेच तर शिकायचंय, ते काम कॅमेऱ्यानं करून टाकलं तर तुमच्यासाठी उरलं काय?

१ : परीक्षेचं पान

पहिल्या दिवशी एकच चित्र. विषय मी देतो : घरातलं कुणीतरी कूलरसमोर खुर्चीवर बसून चहा पिऊन राहिलंय. पूर्ण माणूस, पायापर्यंत. न बघता, मनानंच काढायचं, वेळ ३० मिनिटं. खाली तारीख टाका.

वाईट येईल. येऊ द्या. आता लाल पेननं त्यावर खुणा करा, पण "हात बेकार" असं लिहायचं नाही, काय चुकलंय ते लिहायचं:

खुर्चीचे पाय जमिनीवर टेकत नाहीत, कूलर वाकडा वाटतो : डब्याचा प्रॉब्लेम, टप्पा २.
ग्लास तरंगतो, मान डोक्यात खुपसल्यासारखी दिसते, बाह्या चपट्या : टप्पा ३.
सगळं कागद कापून चिकटवल्यासारखं : उजेडाचा प्रॉब्लेम, टप्पा ४.
माणूस पुतळ्यासारखा ताठ : टप्पा ६.

बहुतेकांना चारही खुणा येतात. तरी जिथे सगळ्यात जास्त लाल झालं त्या टप्प्याला आठवडाभर जास्त द्या. टप्पा मात्र वगळायचा नाही, "मला डबे येतात" म्हणणाऱ्या एकाचाही कूलर मला अजून सरळ दिसलेला नाही.

२ : डबा, म्हणजे कूलर (दोन आठवडे)

कूलर का? एक तर आपल्याकडे घरोघरी आहे. दुसरं, तो लोखंडी डबा असतो, त्याच्या समोर पंख्याचा गोल असतो, बाजूला जाळ्या, खाली स्टँड, म्हणजे पुढचे दोन टप्पे त्याच्यातच लपलेत. आणि तिसरं, कूलरवर कुणाचं प्रेम नसतं. सुंदर दिसायची जबाबदारी नाही, त्यामुळे डोळा मोकळा होऊन बघतो. हिवाळ्यात कूलर बांधून ठेवला असेल तर वॉशिंग मशीन, गोदरेजचं कपाट, पेटी, काहीही चालेल, फक्त खरा डबा पाहिजे.

क्रम असा, आणि हाच पाळा:

१. आधी नजरेची उंची शोधा. वही आडवी धरून डोळ्यांसमोर वरखाली करा. जिथे वहीचं पानही दिसत नाही आणि खालची बाजूही नाही, फक्त कड दिसते, ती तुमची नजरेची उंची. समोरच्या भिंतीवर ती कुठे येते ते लक्षात ठेवा आणि कागदावर हलकी आडवी रेघ मारा.

२. कूलरची तुमच्या सगळ्यात जवळची उभी कड काढा. बाकी सगळं या कडेशी तुलना करून.

३. त्या कडेच्या वरच्या टोकातून डावीकडे आणि उजवीकडे जाणाऱ्या रेघांचा कल बघा. हात पूर्ण ताठ, एक डोळा बंद, पेन्सिल आडवी धरायची आणि कड तिच्यापासून किती वर किंवा खाली जाते ते पाहायचं. नजरेच्या वर असलेल्या कडा दूर जाताना खाली उतरतात, नजरेच्या खाली असलेल्या वर चढतात. खिडकीबाहेर उंच स्टँडवरचा कूलर अंगणातून काढला तर त्याची खालची कडसुद्धा उतरतीच दिसेल. इथे नव्वद टक्के लोक उलटं काढतात, कारण ते कूलर बघत नाहीत, "कूलरची खालची बाजू सपाट असते" ही माहिती काढतात.

४. दोन्ही बाजूंची रुंदी मोजा. पेन्सिलवर अंगठ्यानं माप घ्या, जवळची उभी कड एक धरली तर बाजू किती, अर्धी, पाव? तिरकी दिसणारी बाजू आपल्याला वाटते त्याहून बरीच अरुंद असते.

५. मागच्या, न दिसणाऱ्या कडाही काढा. कूलर काचेचा आहे असं समजून.

६. आता कुठे जाळी, पंखा, नळ, स्टँड.

लोक सहावं आधी करतात. जाळीच्या पट्ट्या इतक्या मन लावून काढतात की बापा रे बाप, आणि मग कळतं की डबाच वाकडा आहे पण आता पट्ट्यांवर जीव जडलेला असतो त्यामुळे चूक ठेवून देतात आणि वरून शेडिंग मारतात.

चेक: लाल पेन आणि फूटपट्टी घ्या, एका बाजूच्या आडव्या कडा दूरपर्यंत वाढवा. त्या एकमेकींच्या जवळ येत गेल्या पाहिजेत आणि नजरेच्या रेघेवर साधारण एकाच जागी भेटल्या पाहिजेत. थोडं इकडेतिकडे चालेल. पण दूर जाताना फाकत असतील तर ते पान पुन्हा.

रोज तीन कूलर, खुर्चीवरून, जमिनीवर बसून, जिन्यावर उभं राहून. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतोच आणि बहुतेक लोक नेमके इथेच सोडतात. कंटाळा आला तर वस्तू बदला पण डबा सोडू नका, दिवाण काढा, ऑटो काढा, गल्लीतली पाण्याची टाकी नको कारण ती गोल आहे.

शनिवारी जाड वहीत तुमचा लाडका चेहरा, पण आधी डब्यात. डोक्याला पुढची बाजू आहे, कडेची बाजू आहे, खालची बाजू आहे. कान कडेच्या बाजूवर येतो, आणि बाजूनं बघितलं तर डोक्याच्या मध्याच्या किंचित मागे. चेहरेवाले हमखास मागची कवटी कापून टाकतात. कवटीची पुढून मागे खोली जवळपास डोक्याच्या उंचीएवढी असते, आपल्याच डोक्यावर हात ठेवून बघा.

३ : लंबगोल (एक ते दीड आठवडा)

चहाचा ग्लास, बादली, स्टीलचा डबा, मडकं. टपरीवर तर्री पोहे खाताना समोरची प्लेटसुद्धा, पोहे थंड व्हायच्या आत होतं तेवढंच काढायचं.

ग्लासचं वरचं तोंड आणि खालचा बूड दोन्ही लंबगोल. नजरेच्या जितकं खाली तितका लंबगोल जास्त उघडतो, म्हणजे टेबलावरच्या ग्लासाचा बूड तोंडापेक्षा जास्त गोलसर दिसतो. आपण काय करतो, तोंड नीट लंबगोल काढतो आणि बूड सरळ रेघ, कारण ग्लास टेबलावर "सपाट" ठेवलाय. म्हणूनच तो तरंगतो. आजोबांच्या ग्लासाचा घोळ हाच होता.

दुसरी चूक टोकांची. लंबगोलाला टोकं नसतात, कडेला छोटा का होईना पण वळसा असतो. टोकं आली की ते बदामाचं पान होतं. हात खांद्यापासून फिरवा, कागदाला न टेकवता दोनदा हवेत, मग कागदावर, एका ठिकाणी दोन फेऱ्या झाल्या तरी चालेल.

आता कूलरकडे परत या आणि पंख्याचा गोल काढा. तिरक्या बाजूवरचा गोल म्हणजे लंबगोलच, त्याची आखूड बाजू पंख्याच्या दांड्याच्या दिशेनं जाते. हे एकदा डोक्यात बसलं की सायकलचं चाक, ढोलकी, बांगडी सगळं सुटतं.

चेक: पान आडवं करा, मग उलटं. लंबगोलाची एक बाजू फुगलेली असेल तर लगेच दिसेल.

शनिवार : मान म्हणजे पुढे झुकलेली नळी. गळ्यातली चेन, शर्टची कॉलर, बाहीची कड हे सगळे लंबगोल. चेन सरळ रेघेसारखी काढली की मान गेलीच चपटी.

४ : संत्रं आणि एकच दिवा (एक आठवडा)

आता शेडिंग. इतके दिवस मुद्दाम टाळलं, कारण चुकीच्या आकारावर शेडिंग म्हणजे ओल्या भिंतीवर पेंट.

खोलीत अंधार करा, एका बाजूनं एकच दिवा, फोनचा टॉर्च पुस्तकांवर टेकवून ठेवला तरी चालतो. आधी कागदाच्या कडेला पाच चौकोन, कोऱ्यापासून जमेल तितक्या काळ्यापर्यंत. संत्रं फक्त या पाच छटांतच काढायचं. डोळे बारीक करून बघा, बारीकसारीक सगळं गायब होतं आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात. आधी उजेड आणि सावलीची हद्द आखा, मग सावलीचा अख्खा भाग एकाच छटेनं भरा, मग पडछाया (संत्र्याची टेबलावर पडणारी सावली), आणि साल खरखरीत वगैरे दाखवायचं ते सगळ्यात शेवटी.

सावलीतल्या भागात टेबलावरून परतलेला थोडा उजेड दिसतो, तो कितीही चमकदार वाटला तरी उजेडातल्या भागाइतका पांढरा ठेवायचा नाही. इथे फार लोक फसतात आणि संत्र्याचं स्टीलचं भांडं होतं.

मग संत्रं अर्धं सोला. आपलं नागपुरी संत्रं यासाठी जमून आलेलं आहे, साल ढिली असते, हातानं अलगद निघते आणि मोठे तुकडे राहतात. सालीची जाडी, तिच्या आत फाकींचा गोल, फाकींवर सालीची पडछाया. हे चार दिवस काढा. कारण पापणी अगदी हेच करते, गोल डोळ्यावर जाड कड असलेली साल. चेहरेवाले पापणी म्हणजे एक काळी रेघ काढतात, तिला जाडी असते आणि तिची सावली डोळ्यावर पडते हे मला संत्र्यानंच शिकवलं. शनिवारी काय काढायचं हे आता सांगायला नको.

नंतर संत्रं खाऊन टाका.

५ : बाहेर (एक आठवडा)

यावर फार बोलत नाही कारण डबा आणि लंबगोल आला असेल तर इमारत म्हणजे तेच, फक्त मोठं. दीक्षाभूमीचा घुमट हा लंबगोलाचा बाप, आणि कस्तुरचंद पार्कमधली मधली वास्तू खांबांसाठी चांगली. कागदावर आधी चार टोकं ठरवा, सगळ्यात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. ते न केल्यानं घुमटाचा कळस पानाबाहेर जातो आणि मग लोक वर कागद चिकटवतात.

थांबा: सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्याच्या गेटसमोर वही उघडून बसू नका. कुठेही वॉचमनला आधी विचारलं की काम सोपं होतं, अर्ध्या वेळा तोच म्हणतो माझं काढा.

६ : हलणाऱ्या गोष्टी, पण आधी लाकडी बैल (दीड आठवडा)

थेट गाय काढायला गेलात की ती उठून जाते, तुम्ही हताश होता. म्हणून आधी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं मिरवतात तो, लाकडी बैल. घरात माळ्यावर असेलच एखादा, नसेल तर शेजारच्या पोराकडून मागा. सुताराने तुमचं अर्धं काम करून ठेवलंय, धड एक ठोकळा, मान दुसरा, वर वशिंड, खाली चार खांब आणि चाकं म्हणजे पुन्हा लंबगोल. तो पाच बाजूंनी काढा, वरून आणि मागूनसुद्धा.

मग खरा बैल किंवा गाय, आणि आता घड्याळ लावून. ३० सेकंदांची दहा, एका मिनिटाची दहा, पाच मिनिटांची दोन. तीस सेकंदांत फक्त पाठीची रेघ, मान कुठे वळली आणि वजन कुठल्या पायावर आहे एवढंच. डोळे, शिंगं, घंटा काही नाही. मागच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो तो गुडघा नाही, ती टाच आहे, खरा गुडघा वर पोटाजवळ असतो. हे माहीत नसेल तर मागचे पाय कायम मोडल्यासारखे येतात. तपासायला झिरो माइलच्या स्तंभापाशी चार घोड्यांचे पुतळे आहेत, हलत नाहीत आणि फुकट आहेत.

शेवटचे तीन दिवस माणसं. बस स्टॉप, सीताबर्डीच्या मेन रोडवर खरेदी करणाऱ्या बाया, भाजीवाला. उभं असलेलं माणूस पुन्हा पुन्हा त्याच दोन-तीन पोझमध्ये येतं, म्हणून एका पानावर तीन स्केचेस अर्धवट सुरू ठेवा आणि माणूस परत त्या पोझमध्ये आलं की ते पूर्ण करा. चेहरा काढायचा नाही. जीव तुटेल, तरी नाही. रिकामा अंडाकार आणि डोकं कुठे वळलंय त्याची एक रेघ, बस.

चेक: स्केच हातभर दूर धरा आणि घरच्या कुणालाही विचारा, "हा काय करून राहिला?" उत्तर बरोबर आलं तर पास. "कोण आहे हा?" असं विचारलं तरी हरकत नाही.

७ : परीक्षेचं पान, दुसऱ्यांदा

आता पुन्हा तोच विषय, कूलरसमोर बसून चहा पिणारं माणूस. पहिलं पान बघायचं नाही, ३० मिनिटं, मनानंच. मग दुसऱ्या दिवशी दुपारी हेच खऱ्या माणसाला बसवून काढा, दुपारी कूलरसमोर बसायला घरात कुणी नाही म्हणत नाही. क्रम लक्षात ठेवा : नजरेची रेघ, मग माणसाची पाठ कशी वाकलीय ती एक रेघ, मग खुर्ची आणि कूलरचे डबे, मग ग्लास आणि बाह्यांचे लंबगोल, मग उजेड-सावलीची हद्द. चेहरा शेवटची दहा मिनिटं. आधी चेहरा काढलात की बाकी सगळं त्याच्या मापानं ओढाताण करून बसवावं लागतं.

तिन्ही पानं शेजारी ठेवा आणि तिन्हींवर लाल पेननं खुणा करा, पहिल्या वेळेसारख्याच. बघून काढलेलं बरं आलं पण मनानं काढलेलं जुन्यासारखंच असेल तर आकार अजून डोक्यात बसलेला नाही, म्हणून टप्पा २ आणि ३ च्या वस्तू आता आधी बघून आणि लगेच वही उलटून आठवणीनं अशा जोडीनं काढा, शाळेत एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला स्मरणचित्राची प्रॅक्टिस करायचो तसंच. ग्लास अजूनही तरंगत असेल तर टप्पा ३ वर परत पाच दिवस. माझा दुसऱ्या वेळेसही तरंगत होता.